शोकेसची काच निसटून सासूबाईंचा चिनीमातीचा संग्रह फुटला, काय काय वाचवता येईल?

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. आमच्या सासूबाईंना चिनीमातीच्या वस्तू जमवायचा फार नाद, अगदी लग्नाच्या आधीपासूनचा. सासऱ्यांची बदली जिथे जिथे झाली तिथून काही ना काही आणलेलं, कुणी परदेशातून येताना दिलेलं, आणि सगळं हॉलमधल्या भिंतभर शोकेसमध्ये मांडलेलं. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम चालू होतं, दिवसभर ड्रिलची घरघर, आणि संध्याकाळी मधल्या कप्प्याची काच एका बाजूच्या पिनेवरून निसटली आणि वरचं सगळं खालच्या कप्प्यावर आलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण आई त्या दिवसापासून शोकेसकडे बघतच नाहीत.

फुटलंय ते असं. जपानी चहाचा सेट, अगदी कागदासारखा पातळ, कप उजेडात धरला की तळाशी एका बाईचा चेहरा दिसतो, त्याच्या चहादाणीची तोटी तुटली आणि दोन कपांचे कान गेले. पांढरी राधाकृष्णाची जोडी, त्यात कृष्णाची बासरी आणि बोटं. एक मोठी निळी-पांढरी बशी तीन तुकड्यांत, जिच्या पाठीमागे आधीच पितळेच्या क्लिपा मारलेल्या होत्या, म्हणजे ती पूर्वी कधीतरी फुटून जोडलेलीच असणार. आणि तळकप्प्यातल्या जुन्या लोणच्याच्या बरणीच्या काठाचा मोठा टवका उडालाय.

तुकडे मी सगळे एका ताटात गोळा करून ठेवलेत. मिस्टर फेविक्विक घेऊन आलेत आणि रविवारी बसून चिकटवू म्हणतायत. दीर म्हणतात फुटकं घरात ठेवू नये, विसर्जन करा. त्यात भर म्हणजे आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, थोड्याच दिवसांत भाड्याच्या घरात जायचंय, म्हणजे जे धड उरलंय ते सुद्धा हलवायचंय. कशाने चिकटवायचं, कुणाकडे द्यायचं, आणि उरलेलं कसं न्यायचं, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

---

मातीकाम

ताई, पहिली गोष्ट, रविवारी काहीही चिकटवू नका. मी सिरॅमिक शिकलेय, काही वर्षं संग्रहालयाच्या वस्तूंच्या दुरुस्तीचं काम केलंय, आणि माझ्याकडे आलेल्या वस्तूंमध्ये फुटण्यामुळे वाया गेलेल्या कमी आणि घाईघाईत चिकटवल्यामुळे वाया गेलेल्या जास्त, हे मी अगदी मनापासून सांगतेय. फुटलेली चिनीमाती कुजत नाही, गंजत नाही, डब्यात नीट ठेवली तर दहा वर्षांनीही तशीच जोडता येते. घाई फक्त आपल्याला असते.

आता तुकड्यांचं. एका ताटात सगळे एकत्र आहेत म्हणताय ना, ते आजच वेगळे करा, कारण तुकडे एकमेकांवर घासले की त्यांच्या धारा बोथट होतात, आणि धार बोथट झाली की जोड कधीच घट्ट बसत नाही. "बसतंय का" बघायला सारखे सारखे लावून बघणं पण त्याच कारणासाठी टाळा. प्रत्येक तुकडा मऊ पांढऱ्या टिश्यूत गुंडाळून, प्रत्येक वस्तूची वेगळी पिशवी, वर नाव. आणि खालच्या कप्प्यात, कार्पेटमध्ये, शोकेसच्या फटीत जो चुरा असेल, तांदळाच्या कणीएवढा असला तरी, तो ब्रशने गोळा करून त्या त्या पिशवीत टाका. व्हॅक्युम मारला असेल तर त्याची पिशवी फेकायच्या आधी चाळून बघा. कृष्णाची बोटं तिथेच सापडायची शक्यता आहे. मग सगळ्याचे फोटो काढा, फुटलेल्या बाजूचे सुद्धा.

फेविक्विक का नको ते सांगते. ते काही सेकंदांत धरतं, म्हणजे तुकडा केसभर जरी सरकून बसला तरी तुम्हाला सुधारायला वेळच मिळत नाही, आणि तीन तुकड्यांच्या बशीत पहिला जोड केसभर चुकला की तिसरा तुकडा बसतच नाही. शिवाय त्याचा जोड ठिसूळ असतो, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की हळूहळू कमजोर होतो, आणि सच्छिद्र मातीत ते आत शोषलं जातं.

तुमच्या तिन्ही-चारी वस्तूंची माती वेगवेगळी आहे, त्यामुळे एकच उपाय सगळ्याला चालणार नाही. ओळखायची सोपी पद्धत अशी की फुटलेल्या धारेवर पाण्याचा बारीक थेंब ठेवायचा. लगेच आत जिरला तर ती कमी भाजलेली सच्छिद्र माती, तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर पक्की भाजलेली, म्हणजे पोर्सेलीन किंवा स्टोनवेअर. पोर्सेलीनची भट्टी साधारण १२५० ते १४०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, त्यात माती जवळजवळ काचेसारखी होते, म्हणून तो चहाचा सेट इतका पातळ असूनही उजेड आरपार जातो. कपाच्या तळाशी चेहरा दिसतो ना, तो रंगवलेला नसतो, मातीचीच जाडी कमी-जास्त ठेवून केलेला असतो, पातळ जागी उजेड जास्त येतो. त्या तळाला चीर गेली नसेल तर फार चांगलं झालं.

संग्रहालयात आम्ही जोडायला जास्त करून पॅरालॉइड बी-७२ वापरतो. ते ॲक्रिलिकचे पारदर्शक दाणे असतात, ॲसिटोनमध्ये विरघळवून डिंकासारखं करायचं. ते पिवळं पडत नाही आणि मुख्य म्हणजे परत ॲसिटोन लावलं की जोड सुटतो, म्हणजे चुकलं तर पहिल्यापासून करता येतं, आणि उद्या तुमच्या मुलीला आणखी चांगला कारागीर मिळाला तर तिलाही करता येतं. पण त्याची एक अडचण आपल्या हवेत आहे. साधारण ४० अंशाला ते मऊ पडायला लागतं. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद घरात, किंवा शोकेसमध्ये वर हॅलोजनचा दिवा असेल तर, जड वस्तूचा जोड हळूहळू सरकतो. डोंबिवलीत दिवा काढून टाकलात तर हलक्या वस्तूंना हरकत नाही.

कपाचे कान आणि चहादाणीची तोटी यांना इपॉक्सी जास्त चांगलं, म्हणजे दोन ट्यूबवालं ॲराल्डाइट, आणि तेही हळू सुकणारं, पाच मिनिटांत सुकणारं नको, ते फार लवकर पिवळं पडतं. हळू सुकणारंही काही वर्षांत पिवळसर होतंच, म्हणून जोडाच्या आत जितकं कमी तितकं बरं. पोर्सेलीनला अगदी पातळ थर पुरतो, बाहेर लोंबेल इतकं लावूच नये.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. भट्टीतून निघालेल्या वस्तूत ताण राहिलेला असतो, विशेषतः बश्या आणि पोकळ भांड्यांत. फुटल्यावर तो ताण सुटतो आणि तुकडे किंचित उघडतात. मग दोन टोकं जुळवली तर मधे फट राहते आणि मधे जुळवलं तर टोकाला पायरी येते. तसं दिसलं तर दाबून जबरदस्तीने बसवू नका, तडा पुढे जाईल. ते काम जाणकाराचंच.

---

जुना_बाजारवाला

मातीकाम यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी पुण्यात जुन्या वस्तूंच्या व्यवहारात आहे, त्या बाजूने थोडं सांगतो.

चहाच्या सेटच्या बुडाशी काय छापलंय ते बघा आणि फोटो टाका. नुसतं निप्पॉन असेल तर साधारण १८९१ ते १९२१ मधलं, कारण तेव्हा अमेरिकेत माल पाठवायचा तर देशाचं नाव घालावं लागायचं आणि १९२१ पासून तिथे निप्पॉन चालेनासं झालं, जपान असं लिहावं लागलं. ऑक्युपाइड जपान असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचं. मेड इन जपान असेल तर बराच मोठा काळ निघतो. तळाला चेहरा असलेले कप तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांसाठी खूप बनायचे, त्यामुळे पैशात खूप मोठी किंमत असेलच असं नाही, पण म्हणून दुरुस्ती करायची नाही असं कुठे आहे. सासूबाईंच्या हातातली वस्तू आहे ती.

त्या निळ्या बशीच्या पाठीमागच्या पितळेच्या क्लिपा काढू नका, हात जोडून सांगतो. चांगला चिकट गोंद नव्हता त्या काळी फुटलेल्या बशीला दोन्ही बाजूंनी बारीक भोकं पाडून, आरपार जाऊ न देता, धातूची ताणलेली कडी बसवायचे. भोक आरपार न जाणं हीच त्यातली कारागिरी. चीनमध्ये, युरोपात, सगळीकडे हे व्हायचं. आता संग्राहक अशा दुरुस्तीची बशी मुद्दाम शोधतात. जुन्या जोडावरच परत फुटली असेल तर क्लिपा पिशवीत जपून ठेवा, नवीन ठिकाणी फुटली असेल तर क्लिपांना हातच लावू नका.

आणि बाकीच्या धड वस्तू पण एकदा तपासून घ्या. दोन गोष्टी करायच्या. एक, वस्तू हाताच्या तळव्यावर सैल ठेवून नखाने हलकं वाजवायचं, स्वच्छ टण्ण आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे, दिसत नसली तरी. दुसरी, नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळतो, अंधारात तो मारला की जुना गोंद किंवा रंगाचे ठिगळ वेगळं चमकतं. पूर्वी कुणी गुपचूप जोडलेलं असेल तर कळतं, आणि तीच वस्तू हलवताना आधी फुटते म्हणून तिला वेगळं पॅक करायचं.

---

कोयनाकाठ

मी पाटण तालुक्यातला. आमच्याकडे जमीन हलणं नवीन नाही, १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटेचा मोठा धक्का आमच्या आजी-आजोबांनी पाहिलेला आणि बारीक धक्के अजूनही येतात, त्यामुळे भांडी-काचसामान मांडायची आमच्या घरची पद्धतच वेगळी आहे. तुमच्याकडे ड्रिलने जे झालं तेच आमच्याकडे धक्क्याने होतं. वस्तू एकदम पडत नाहीत, आधी तासन्‌तास सूत-सूत सरकत कडेला येतात. गुळगुळीत काचेवर गुळगुळीत बूड, मग काय होणार.

नवीन घरात शोकेस लावाल तेव्हा चार पिनांवर ठेवलेली काच नको. मागे आणि दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीची पट्टी असावी आणि काच त्यावर बसावी, पुढच्या बाजूला बोटभर उंच पट्टी. लाकडी फळी असेल तर उत्तमच. कपाट भिंतीला वरून दोन ठिकाणी स्क्रूने धरलेलं पाहिजे, नाहीतर आतलं सगळं शाबूत राहून कपाटच पुढे येतं. जड वस्तू खाली, बुटक्या पुढे, आणि दोन वस्तूंत निदान दोन बोटं जागा, कारण बऱ्याच वस्तू पडून नाही, शेजारणीवर आपटून फुटतात.

वस्तू जागेवर धरायला मेण मिळतं, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स म्हणून, चण्याएवढा गोळा हातात मऊ करून बुडाखाली तीन ठिकाणी लावायचा, ठेवून हलकं दाबून थोडं फिरवायचं. काढताना वर ओढायचं नाही, फिरवून काढायचं. उंच फुलदाणीत वाळू भरतो आम्ही, पण सुटी नाही, पिशवीत बांधून, आणि निम्म्याच्या खालीच. कप हुकांना कानात अडकवून टांगायची फॅशन आहे ती अजिबात करू नका, सगळा भार त्या कानाच्या जोडावर येतो. भिंतीवर बश्या टांगायचे स्प्रिंगवाले तारेचे हुक पण वाईट, स्प्रिंग कायम काठाला दाबून धरतं आणि एक दिवस टवका निघतो.

---

डोंबिवलीकरीण

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. फेविक्विक मी कपाटात ठेवून दिलं आणि मिस्टरांना तुमचं सगळं वाचून दाखवलं, ते आता स्वतः ब्रश घेऊन शोकेसच्या फटी झाडतायत. बासरीचे दोन तुकडे आणि एक बोट सापडलं!! एक बोट अजून नाही.

बशी नवीन ठिकाणीच फुटलीय, क्लिपांचा जोड अजून पक्का आहे. आईंना हे सांगितल्यावर पहिल्यांदा त्या जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या ती बशी त्यांच्या आजोळची.

आणखी दोन प्रश्न. बरणीच्या फुटलेल्या जागी आणि बाहेरून पण पांढरी भुकटी येतेय, पुसली की चार दिवसांनी परत. ते काय असेल? आणि ते जपानी लोक सोन्याने जोडतात ते मी इन्स्टावर पाहिलं, चहाच्या सेटला तसं करता येईल का, त्याचं किट ऑनलाइन दिसतंय.

---

मातीकाम

बरणीतली भुकटी म्हणजे मीठ. वर्षानुवर्षं लोणचं मुरलेलं, आतल्या लुकणात, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या चकचकीत थरात, कुठे बारीक चिरा असतील तर खारं पाणी मातीत शिरतं, मग हवा कोरडी झाली की पाणी उडतं आणि मिठाचे खडे पृष्ठभागाजवळ तयार होतात. दमट दिवसांत परत विरघळतं, परत तयार होतं. हे चक्र चालू राहिलं की आतून ढकलून वरचं लुकण पापुद्र्यासारखं उडतं. म्हणून नुसतं पुसून उपयोग नाही, आतलं मीठ काढायला हवं. प्लॅस्टिकच्या टबात डिस्टिल्ड वॉटर घ्या, गाडीच्या बॅटरीसाठी मिळतं ते, त्यात बरणी पूर्ण बुडवून ठेवा, आणि पाणी बदलत राहा, सुरुवातीला रोज, मग दोन-तीन दिवसांनी. बदललेल्या पाण्याचे थोडे थेंब काचेवर वाळवून बघा, पांढरा डाग राहायचा बंद झाला की झालं. मग सावलीत अगदी पूर्ण वाळू द्या, जाड बरणीला आठवडे लागतात, आणि मगच टवका चिकटवा. ओल असताना चिकटवलं तर धरणार नाही. टवका चिकटवल्यावर त्या बरणीत परत लोणचं घालू नका. एक म्हणजे गोंद खाण्याला लागतो, आणि दुसरं, लुकणाला चिरा गेलेल्या जुन्या भांड्यात आंबट आणि खारट काहीच ठेवू नये, काही जुन्या लुकणांत शिसं असतं आणि आंबटात ते उतरतं. कोरडी वस्तू ठेवा किंवा तशीच शोभेला.

हे भिजवणं फक्त बरणीला, हं. राधाकृष्णाला पाण्यात घालू नका, आधी रंग भाजलेला आहे का वरून लावलेला ते बघायचं. डोळे, ओठ, दागिन्यांची सोनेरी, हे कधीकधी भाजल्यानंतर वरून साध्या रंगाने केलेलं असतं, ते पाण्यानेही निघतं आणि ॲसिटोनने तर नक्कीच. मागच्या बाजूला न दिसेल अशा जागी कापसाचा बोळा किंचित ओला करून फिरवून बघा, बोळ्याला रंग आला तर तिथे थांबायचं. आणि डाग काढायला ब्लीच कशालाच वापरू नका, त्याचं मीठ आतच राहतं आणि पुढे बरणीसारखंच होतं.

न सापडलेल्या बोटाचं. ते नवीन बनवता येतं, साधं प्लास्टर किंवा इपॉक्सी पुट्टी घेऊन, कोरून, रंगवून. एम-सील लावून मोकळं होऊ नका, ते काढणं फार अवघड आणि रंगही जुळत नाही. पण माझं मत विचाराल तर बोट नसलं तरी मूर्ती बघताना खटकत नाही, बासरी मात्र जोडून घ्या, बासरीशिवाय त्या हातांना अर्थ नाही.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे फोन करून खाजगी वस्तू घेतात का विचारा, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. आणि आईंना जमत असेल तर एकदा त्याच संग्रहालयात घेऊन जा, टाटा बंधूंनी जमवलेली चिनी आणि जपानी पोर्सेलीनची दालनं आहेत तिथे, त्यांना फार आवडेल. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूलची मातीची भांडी आहेत, एकोणिसाव्या शतकात जे. जे. कलाशाळेच्या कार्यशाळेत अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेऊन केलेली, ती पण.

---

ओसाकाकर

सोन्याच्या दुरुस्तीबद्दल मी सांगते, मी बरीच वर्षं जपानमध्ये आहे आणि इथे एका शिक्षिकेकडे किंत्सुगी शिकतेय.

ऑनलाइन किटमध्ये बहुतेक वेळा इपॉक्सी आणि वर सोनेरी दिसणारी पावडर असते. दिसायला छान होतं, पण ती खरी किंत्सुगी नाही आणि त्या कपातून चहा पिऊ नये. खऱ्या किंत्सुगीत उरुशी नावाच्या झाडाचा चीक वापरतात. त्यात गव्हाचं पीठ मळून तो चिकटवायला, मातीची बारीक पूड घालून तो खड्डे भरायला, मग चिकाचेच पातळ हात आणि शेवटी ओल्या हातावर सोन्याची भुकटी. प्रत्येक थरानंतर थांबायचं. हा चीक उन्हात वाळत नाही, त्याला दमट हवा लागते, साधारण २० ते ३० अंश आणि ७० ते ८५ टक्के दमटपणा, म्हणून इथे ओलसर लाकडी पेटीत ठेवतात. डोंबिवलीचा पावसाळा त्याला अगदी मानवेल. पण एक कप पूर्ण व्हायला महिने जातात.

आणि सावध करते, ओला चीक अंगाला लागला की भयंकर खाज आणि फोड उठतात. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातलं. बिबा उतणं म्हणजे काय हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, तसंच. ज्यांना आंब्याचा चीक किंवा काजूच्या टरफलाचं तेल सहन होत नाही त्यांनी तर लांबच राहावं. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि घरात लहान मूल असेल तर नकोच. पूर्ण सुकलेली उरुशी मात्र निर्धोक असते, इथे जेवायची लाकडी वाडगी त्याचीच असतात.

तुमच्या सेटबद्दल मला असं वाटतं की तो इतका पातळ आहे की तोटीच्या जोडावर सोन्याची जाड रेघ शोभणार नाही, तिथे मातीकाम म्हणतात तसा न दिसणारा जोडच बरा. निळ्या बशीला मात्र एका बाजूला पितळेच्या क्लिपा आणि दुसऱ्या बाजूला सोन्याची रेघ, दोन वेगळ्या काळातल्या दुरुस्त्या शेजारी शेजारी, फार सुंदर दिसेल. आईंना विचारा.

शोकेससाठी इथे भूकंपापासून धरायला पारदर्शक जेलचे चौकोनी तुकडे मिळतात, अगदी शंभर येनच्या दुकानातही. धूळ बसून चिकटपणा गेला की पाण्याने धुवायचे, परत चिकटतात. जे बूड लुकण न लावलेलं, कच्चं असतं, त्याला डायरेक्ट लावू नका, डाग पडू शकतो.

---

सहज_वाचक

दीर म्हणतात त्याबद्दल थोडं. आमच्याकडेही हाच प्रश्न आला होता आणि आमच्या गुरुजींनी सांगितलं की पूजेतली, प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती भंगली तर तिचं विसर्जन करतात, शोकेसमधली शोभेची जोडी ती वेगळी. तुमची राधाकृष्णाची जोडी देव्हाऱ्यात नव्हती ना? मग निर्धास्त जोडून घ्या. आणि पोर्सेलीन नदीत-खाडीत टाकलं तर ते विरघळतही नाही, शेकडो वर्षं धारदार तुकडा म्हणून तिथेच पडून राहील, कुणाच्या तरी पायात जाईल. दिरांना हे शांतपणे सांगा, ऐकतील.

---

डोंबिवलीकरीण

देव्हाऱ्यात नव्हती, शोकेसमध्येच होती. दिरांना वाचायला दिलंय. संग्रहालयात सोमवारी फोन करते, आणि आई म्हणाल्या बशीला सोन्याची रेघ चालेल पण क्लिपांना हात लावायचा नाही.

आता फक्त सामान हलवायचं राहिलं. पॅकर्सवाले म्हणतात आम्हीच सगळं भरतो, तुम्ही काही करू नका. द्यावं का त्यांच्यावर सोडून?

---

जुना_बाजारवाला

संग्रहाचं सामान स्वतः भरा, बाकी किचन त्यांच्यावर सोडा. फक्त एक बघा, ट्रान्झिट इन्शुरन्स घेणार असाल तर मालकाने स्वतः भरलेले खोके बऱ्याचदा त्यात धरत नाहीत, त्यामुळे कागद वाचून घ्या. नाहीतर हे खोके ट्रकमध्ये टाकूच नका, तुमच्या गाडीतून मांडीवर आणि सीटखाली घेऊन जा, डोंबिवलीतल्या डोंबिवलीतच तर जायचंय ना.

भरायचं असं. वस्तू आदल्या दिवशी पुसून रात्रभर वाळू द्या. आधी मऊ टिश्यू, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला, कारण सोनेरी कामावर फुगे दाबून राहिले आणि उकाडा असला की गोल गोल डाग उठतात. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते, सगळ्यात बाहेरून भराव म्हणून चालेल. झाकणं वेगळी गुंडाळायची, भांड्यावर ठेवून नाही. कान आणि तोटीभोवती टिश्यूची वळकटी करून आधी तो पोकळ भाग भरून घ्या, मग वरून गुंडाळा, म्हणजे दाब त्याच्यावर न येता भरावावर येतो. कपात कप घालायचा नाही. बश्या आडव्या थप्पी लावून नाही, उभ्या, देवळीतल्या पुस्तकांसारख्या, प्रत्येक दोनात पुठ्ठा.

मग एका खोक्यात भरून तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधे चारही बाजूंनी आणि खाली-वर चार बोटं थर्माकोल किंवा चुरगळलेला कागद. बंद केल्यावर हलकं हलवून बघा, आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून परत भरा. खोका छोटा घ्या, एका माणसाला सहज उचलता येईल इतकाच, जड खोका माणूस शेवटच्या वितीवर आपटतो. आणि वर नुसतं "काच सांभाळून" लिहू नका, आत काय आहे आणि कोणती बाजू वर ते मोठ्या अक्षरात लिहा, चारही बाजूंना.

फुटलेल्या तुकड्यांच्या पिशव्या एका वेगळ्या कडक डब्यात, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात चालतील, आणि तो डबा आईंकडेच द्या. भाड्याच्या घरात सगळं लगेच उघडायची घाई नको, पण पावसाळ्यापूर्वी बबल रॅप काढून टाका आणि नुसत्या टिश्यूत ठेवा.